दोन-दहाचं घड्याळ

आमच्या हिच्या नजरेचा कोल्हापुरात बोलबाला आहे. कोल्हापुरात म्हणजे महाद्वार रोडच्या ज्या बोळात तिचं बांगड्यांचं दुकान आहे, तिथून पुढच्या चौकापर्यंत. पण तेवढ्या टापूत जुलेखा मणेरला कुणी माप शिकवायला जात नाही. गिऱ्हाईक बाई अजून पायरी चढत असते आणि हिनं लांबूनच तिच्या हाताकडे बघून पेटी खाली काढलेली असते. दोन-चार म्हणजे नाजूक हात, दोन-सहा आणि दोन-आठ हे मधले, आणि दोन-दहा म्हणजे मोठा. हे आकडे ती खणखणीत आवाजात बोलते. माप पुटपुटत सांगणारी बांगडीवाली लबाड असते असं तिच्या सासूचं, म्हणजे माझ्या आईचं मत होतं. माझ्या आईचं बाकी काहीही न ऐकलेल्या जुलेखानं एवढं मात्र मनावर घेतलं.

मी बादशहा मणेर. रिक्षा चालवतो. बायकोच्या नजरेवर माझा पूर्ण विश्वास आहे, स्वभावावर अजिबात नाही. घरात आम्ही निम्मं हिंदी बोलतो, निम्मं मराठी, पण भांडण निव्वळ मराठीत होतं, कारण मराठीत ती माझ्याकडून कधी हरत नाही.

आमचा एकुलता एक अझीम शिरोली एमआयडीसीत मशीनवर आहे. त्याच्यासाठी मुली बघता बघता माझ्या रिक्षाचे टायर झिजले. प्रत्येक घरातून बाहेर पडलं की तो मान हलवायचा आणि मी रिक्षाला किक मारायचो. कबनूरची सदफ बघितली त्या दिवशी मात्र त्यानं मान हलवली नाही. जेवायला बसल्यावर आपण होऊन म्हणाला, "अम्मी, हीच." आणि परत भाकरी मागून घेतली. पोराचा चेहरा असा उजळलेला मी कितीतरी दिवसांनी बघितला होता.

सदफ इचलकरंजीच्या एका कारखान्यात कापड तपासायचं काम करते. मागावरून उतरलेला तागा उजेडाच्या टेबलावरून सरकत जातो आणि ही त्यावरून तळहात फिरवत गाठ, तुटलेलं सूत, सुटलेला धागा शोधते. डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतं म्हणे. उंच, सावळी, कमी बोलणारी मुलगी. बोलली तर सरळ बोलणारी.

त्या दिवशी चहा झाल्यावर जुलेखानं तिला जवळ बसवून घेतलं आणि तिचा हात हातात घेतला. बाकीच्या सासवा हात हातात घेतात तो मायेनं. माझी बायको घेते तो अंगठ्याच्या मुळाशी दाबून, चारी बोटं जुळवून. सवयच ती. आणि मग भरल्या घरात, त्यांच्या आत्या-माम्यांच्या देखत, दुकानात बोलावं तसं बोलली, "दोन-दहा! काचंत ह्या मापाची सहज मिळत न्हाय, पर मी आणतो की. काळजी करू नगा."

सदफनं हात काढून घेतला आणि ओढणीखाली ठेवला. मला वाटलं, लाजली.

आमच्या मणेरांच्या घरात एक रीत आहे. नवरीला बांगड्या भरायच्या त्या लग्नातच. मंगनीला, म्हणजे साखरपुड्याला, सासूनं तिच्या हातात घड्याळ घालायचं. बांगडीवाल्याच्या घरातून आधीच बांगड्या गेल्या तर लग्नात काय नवल राहिलं, असा माझ्या आजीचा विचार. त्यामुळे मंगनी ठरली तशी जुलेखा मला घेऊन लक्ष्मीपुरीत संगमेशच्या दुकानात गेली. दुकान मूळचं त्याचे वडील सोमलिंगअण्णांचं. अण्णा आता घरी असतात आणि पोरगा गल्ल्यावर. बापाशी कानडीत, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि घड्याळाशी मात्र एक अक्षर न बोलता काम करणारा.

त्यानं बायकी घड्याळांचा ट्रे पुढं सरकवला. जुलेखानं तो तसाच मागं सरकवला.

"ही न्हानग्या पोरींची झाली. आमच्या सुनेचा हात दोन-दहा हाय. मोठी तबकडी दाव."

"भाभी, घड्याळाला हाताचं माप लागत न्हाय. मनगटाचं लागतंय."

"हात मोठा तर मनगट काय बारकं असतंय व्हय?"

तिनं पुरुषांच्या ट्रेमधून पांढऱ्या तबकडीचं, स्टीलच्या साखळीचं एक घड्याळ उचललं. दिसायला झ्याक होतं, हे मी कबूल करतो. आता साखळीच्या कड्या काढून ती बेताची करायची होती. जुलेखानं पर्समधून दोन-दहाची काचेची बांगडी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"एवढी ठेव. खटका लावलेला असतानाच हातातनं आत गेलं पायजे."

संगमेशनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"अवो भाभी, खटका उघडतोय की. उघडायचं, घालायचं, परत लावायचं. हात किती का मोठा असंना."

"उघडी वस्तू मी नव्या सुनेच्या हातात घालू?" जुलेखाचा आवाज चढला. "तुटकी बांगडी नवरीला कोण घालतंय का? अख्खी जाती तीच चांगली."

"जुलेखा," मी म्हणालो, "बांगडीला खटका नसतोय. ह्याला त्याच्यासाठीच दिलाय."

"तुमी रिक्षा चालवा."

संगमेशनं बांगडीच्या मापानं कड्या ठेवल्या. घड्याळ डब्यात घालताना तो स्वतःशीच कानडीत काहीतरी पुटपुटला. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

मंगनी कबनूरला त्यांच्या दारातल्या मांडवात झाली. शेजारच्या शेडमधून मागांची खटखट चालू होती, पण त्या गावात ती कुणाला ऐकू येत नाही. अंगठी झाली, मिठाई झाली. मग जुलेखा उठली. बंद खटक्याचं घड्याळ तिनं सदफच्या बोटांवरून, अंगठ्याच्या हाडावरून असं अलगद आत नेलं की बायका बघतच राहिल्या. कुठं अडकलं नाही, कुठं खरचटलं नाही. जुलेखानं अभिमानानं माझ्याकडे बघितलं.

आणि घड्याळ तसंच पुढं गेलं. मनगट ओलांडून कोपराकडे निघालं. सदफनं हात खाली केला तर घसरून परत पंजावर आलं, आणि तबकडी फिरून खालच्या बाजूला गेली. हात मोठा होता, मनगट मात्र बारीक होतं. त्यांच्याकडची एक मामी मोठ्यानं म्हणाली, "घड्याळ हाय का बैलाच्या गळ्यातली घंटा?" दुसरीनं डबा उचलून बघितला. "अगं, हे तर गड्यांचं हाय!"

मांडव हसला. जुलेखाही हसली, कारण आपण फसलो की हसून घ्यायचं असतं. सदफ हसली नाही. तिनं घड्याळ काढलं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि जेवणं होईपर्यंत तिचे हात ओढणीबाहेर आले नाहीत. अझीम समोर बसून तिच्याकडे बघत होता. तिनं एकदाही वर बघितलं नाही.

पुढचे काही दिवस अझीमचा फोन घरात मुक्यासारखा पडून असायचा. पोरगा कामावरून यायचा, फोन बघायचा, उलटा ठेवायचा. शेवटी सदफचा एक मेसेज आला, तो त्यानं आम्हाला वाचून दाखवला. मला विचार करायला वेळ पाहिजे, तुमची अंगठी तोवर जपून ठेवते. एवढंच.

"अंगठी जपून ठेवते म्हंजे घालत न्हाय," जुलेखा म्हणाली. "म्हंजे परत द्यायच्या तयारीत हाय. पर कशापायी?"

कशापायी ते सदफच्या धाकट्या बहिणीनं, मदिहानं, अझीमला फोनवर सांगितलं. आमच्या आधी मिरजेचं एक स्थळ आलं होतं. सगळं जुळत आलेलं असताना त्या पोराच्या आईनं सदफचा हात बघितला आणि तिच्या तोंडावर म्हणाली, हात तर गड्यासारखा आहे. त्यावरून ते मोडलं. तेव्हापासून सदफ पाव्हण्यांसमोर चहाचा ट्रे आणते तोसुद्धा हातांवर ओढणी ओढून. आणि मग आम्ही गेलो. भरल्या घरात माप ओरडलं आणि वर मंगनीला गड्याचं घड्याळ घातलं.

"मी वंगाळ काय बोललो?" जुलेखा माझ्यावर खवळली, जसं काही ते माप मीच ओरडलो होतो. "दोन-दहा हाय तर दोन-दहाच म्हणणार की! माझ्या दुकानात रोज बायका येत्यात, कुणाला कवा राग आला न्हाय."

"त्या दुकानात येत्यात, जुलेखा. तू तिच्या घरात गेलतीस."

अझीम उठून बाहेर गेला. जाताना तो आईला एक शब्द दुखावणारा बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेलो. एक बाई बांगड्या भरून घेत होती. जुलेखा पेटी काढायला उठली आणि बाईच्या कानाशी वाकून हळूच काहीतरी म्हणाली. मला कळेना, हे काय चाललंय. मग कळलं. ती माप सांगत होती. त्या बोळात जुलेखाचा आवाज उतरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. तिच्याशी भांडायला मला आवडतं, पण अशी वाकलेली ती मला बघवत नाही.

बाई गेल्यावर तिनं शटर निम्मं ओढलं. "रिक्षा काढा," म्हणाली. "कबनूरला जायाचं हाय."

"इतक्या लांब रिक्षा?"

"मग घोडा आणताय काय?"

हातकणंगले आलं तरी ती मागच्या सीटवर ताठ बसून होती. मांडीवर घड्याळाचा डबा होता, मंगनीच्या मांडवातून आमच्याबरोबरच परत आलेला. रिक्षाच्या आरशात मला मागचा माणूस दिसतो, आणि इतक्या वर्षांत मी एक शिकलोय, माणूस खरा कसा आहे ते मागं बसल्यावर कळतं. जुलेखाच्या ओठांची हालचाल चालू होती. तिथं जाऊन काय बोलायचं याची ती तालीम करत होती. मी आरशातून नजर काढून घेतली.

सदफ कामावरून नुकतीच आलेली होती. तिच्या आईनं आम्हाला बसायला सांगितलं, पण चहाचं विचारलं नाही, म्हणजे हवा कशी आहे ते समजलं. वडील खुर्चीवर ताठ बसले. सदफ बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली. हात ओढणीत. मदिहा तिच्या पाठीमागं.

जुलेखा खाली जमिनीवर बसली. मी तिला खुर्ची दाखवली, तिनं बघितलं नाही.

"पोरी," ती म्हणाली, "मला हात कळतोय. मनगट कळत न्हाय. बांगडी अंगठ्याचं हाड वलांडून गेली की माझं काम झालं, मग ती फुडं कुठं ऱ्हाती ते मी आजवर बघितलंच न्हाय. ते घड्याळ माझ्या चुकीनं तसं झालंय. तुझ्या हाताचा त्यात काय दोष न्हाय."

"आणि घरात सगळ्यांच्या फुडं मोठ्यानं बोलला, ते?" सदफनं विचारलं.

"त्याचीच माफी मागाय आलोय."

मी माझ्या बायकोकडे बघत राहिलो. हा शब्द तिला येतो हेच मला माहीत नव्हतं.

सदफ तिच्याकडे वळली. "चाची, खरं सांगा. तुमाला माझा हात बघून काय वाटलं?"

"काय वाटायचं? माप वाटलं." जुलेखा नेहमीच्या सुरात आली. "शिंप्याला कुणाचं पोट दिसतंय व्हय? त्याला इंच दिसत्यात. तसं माझं झालंय. हात चांगला का वंगाळ, ते मला दिसतच न्हाय. पर तुला ऐकताना काय वाटंल, ते दिसाय पायजे हुतं. ते दिसलं न्हाय."

मदिहाला शिंप्यावरून हसू फुटलं आणि तिनं ते ओढणीत दाबलं. सदफ हसली नाही, पण दार सोडून दोन पावलं आत आली. "अझीम काय म्हणतोय?" तिनं माझ्याकडे बघून विचारलं.

"त्यो काय म्हणणार?" मी म्हणालो. "फोन उलटा ठेवतोय, सुलटा करतोय. जेवाय बसला की एका भाकरीत उठतोय."

तिनं मान खाली घातली. जुलेखानं डबा पुढं सरकवला. "चल माझ्यासंगं संगमेशकडं. तुझ्या मनगटाचं माप तूच दे. आवडलं तर घे, न्हाय आवडलं तर दुसरं घे, आन् कुठलंच न्हाय आवडलं तर..." इथं तिनं डब्याचं झाकण नीट दाबलं. "तर तसं सांग."

सदफनं वडिलांकडे बघितलं. त्यांनी तिच्यावरच सोपवल्यासारखी मान हलवली. "येतो," ती म्हणाली. "घड्याळाचं तिथं ठरवतो. आणि बाकीचंबी तिथंच सांगतो, चाचा. मदिहा येऊ दे संगं."

परतीच्या वाटेवर माझ्या आरशात तिघी होत्या. मी रेडिओ लावायला हात नेला आणि मागं घेतला.

संगमेशनं आम्हाला पायरीवर बघितलं आणि जुलेखाचा चेहरा बघून शहाण्यासारखी काउंटरची काच पुसायला घेतली. सदफनं आधी बायकी ट्रे मागितला. आईनं तिला निघताना कानात सांगितलं होतं, छोटं, नाजूक बघ, त्यात हात नाजूक दिसेल. तिनं सोनेरी, चिमुकल्या तबकडीचं एक उचललं आणि मनगटाला लावून डोळ्यांजवळ नेलं.

"जवळनं बगू नका," संगमेश म्हणाला. "जवळनं सगळंच मोठं दिसतंय. त्या आरशात बगा, मागं सरून. हात खाली सोडा, नेहमी असतोय तसा. लोकांना तसं दिसतंय."

दुकानात भिंतीला उंच आरसा होता. सदफ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात खाली सोडायला तिला वेळ लागला. मग सोडला. बघितलं आणि भुवया उंचावल्या.

"ह्यात तर हात आणखीनच मोठा दिसायला लागलाय."

"दिसणारच की," संगमेश म्हणाला. "बारकी वस्तू मोठ्या वस्तूपाशी ठेवली तर आणि काय होणार?"

जुलेखा दातांखाली जीभ धरून बसली होती. ते तिला किती जड जात होतं ते मलाच ठाऊक.

मग सदफनं स्वतःच डब्यातलं घड्याळ मागितलं. संगमेशनं खटका उघडला. उघडलेलं घड्याळ बघून जुलेखाच्या चेहऱ्यावरून एक ढग गेला, पण ती बसून राहिली. त्यानं ते सदफच्या मनगटावर ठेवलं आणि खालून जास्तीची साखळी चिमटीत धरली.

"हे बगा," तो म्हणाला. साखळी ज्यांना जोडलेली असते ती तबकडीची वरची-खालची चार टोकं त्यानं बोटानं दाखवली. "ही टोकं मनगटाच्या कडंच्या आत बसाय पायजेत. भाईर लोंबली की समजायचं घड्याळ मोठं हाय. तुमची आत हाईत. मनगट बारीक हाय, पर वरनं चपटं हाय, त्यामुळं तबकडी आरामात बसली. भाभींनी तबकडी बरोबर निवडलीया. साखळीत घोळ झाला."

जुलेखा काउंटरवर वाकली. इतका वेळ सगळे ज्या हाताबद्दल बोलत होते, त्याच्या मागचं मनगट ती पहिल्यांदा बघत होती. तिनं बोट पुढं केलं, मग विचारलं, "लावू का हात?" सदफनं मान डोलावली. जुलेखानं दोन बोटांत ते मनगट धरून बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. ती सदफच्या कानाशी वाकली, पण तिचं कुजबुजणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलंच. "अगं बया, हितं तर तू दोन-चारसुदिक न्हाईस!"

सदफ हसली. कबनूरच्या त्या घरात चहा घेऊन आली तेव्हापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. दात जरा पुढं आहेत तिचे, आणि हसली की छान दिसते. आमच्या पोराला काय दिसलं होतं ते मला तेव्हा कळलं.

संगमेशनं कड्या काढल्या, खटका लावला आणि साखळीखाली आपली पेन्सिल घालून बघितली. "एक बोट जाईल एवढी जागा पायजे. जास्त न्हाय, कमी न्हाय."

"थांबा," सदफ म्हणाली. "माझं मला बघू दे."

तिनं ओढणी काढून काउंटरच्या काचेवर पसरली. तिच्यावर तळहात टेकवला आणि हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती बघायला लागली. तिनं बघू दिलं. मधेच हात थांबला. खटक्याच्या कडेत ओढणीचं एक सूत अडकलं होतं.

"हे असं झालं तर दिवसभरात मी तागा खराब करीन," ती म्हणाली. "बोट जाऊ दे न्हाय तर न जाऊ दे. सूत अडकाय नको."

संगमेशनं निमूट घड्याळ परत घेतलं, खटक्याची कड घासली, आणखी एक कडी काढली. तिनं पुन्हा हात फिरवला. पुन्हा एकदा उलट्या बाजूनं. आता हात ओढणीवरून पाण्यावरून जावा तसा गेला. कारखान्यात ती कशी उभी राहत असेल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. मान किंचित तिरकी, डोळे दुसरीकडेच, सगळं लक्ष तळहातात.

"पर दीदी," मदिहा डबा हातात घेऊन म्हणाली, "ह्याच्यावर जेंट्स लिवलंय."

"डब्यावर लिवलंय," संगमेश म्हणाला. "डबा कोण घालतंय?"

सदफ परत आरशासमोर गेली. या वेळी हात खाली सोडायला तिला वेळ लागला नाही. पांढरी तबकडी सावळ्या मनगटावर उठून दिसत होती, आणि खालचा मोठा हात आता कुणाच्यातरी भल्या मोठ्या घरासारखा वाटत होता, ज्याला दारही त्याच मापाचं लागतं. बराच वेळ ती स्वतःकडे बघत होती. मग वळली.

"हेच," म्हणाली.

जुलेखानं सुस्कारा सोडला. पण बाकीचं? बाकीचंही इथंच सांगीन, असं ती म्हणाली होती. संगमेशनं काढलेल्या कड्या पुडीत बांधून दिल्या, सदफनं त्या पर्समध्ये टाकल्या, ओढणी अंगावर घेतली, आणि काही न बोलता पायरी उतरली. जुलेखानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. विचारायचा धीर तिलाही नव्हता आणि मलाही. घरी अझीमला काय सांगायचं, घड्याळ बसलं, सून गेली?

मी रिक्षा रस्त्याच्या पलीकडं लावली होती. संध्याकाळची लक्ष्मीपुरी म्हणजे काय सांगायचं. टेम्पो, मोपेड, हातगाडे, उलट्या बाजूनं येणारे शहाणे. जुलेखाला हा रस्ता ओलांडायचं नेहमीच भय वाटतं. ती एक पाय खाली टाकायची आणि मागं घ्यायची. माझी चप्पल पायरीपाशी निसटली म्हणून मी वाकलो होतो.

वर बघितलं तर सदफ रस्त्यात उतरलेली होती. उजव्या हातानं तिनं जुलेखाचा हात धरला होता आणि डावा हात समोरून येणाऱ्या टेम्पोवर उगारल्यासारखा वर केला होता. पाचही बोटं पसरलेली, तळवा उघडा, आख्ख्या रस्त्याला दिसेल असा. टेम्पो कचकन थांबला. त्याच्यामागं मोपेडी थांबल्या. ड्रायव्हरनं खिडकीतून तोंड बाहेर काढून आवाज दिला, पण तिनं हात खाली घेतला नाही. जुलेखा तिच्या आधारानं भरभर पलीकडं गेली, मदिहा मागून पळाली, आणि मी चप्पल हातात घेऊन अलीकडंच राहिलो.

"चला की!" पलीकडून सदफची हाक आली. हात अजून वरच होता. "अब्बा, चला की! किती वेळ गाड्या थांबवू?"

अझीम मला अब्बा म्हणतो. दुसरं कुणी म्हणत नाही. म्हणून हाक मलाच मारली आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. मग कळलं, आणि जुलेखालाही कळलं असावं, कारण भर रस्त्यात ती तोंडावर पदर घेऊन रडायला लागली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायचं काही कारण नाही. मी तसाच एका पायात चप्पल घालून रस्ता ओलांडला, आणि शिव्या देणाऱ्या त्या टेम्पोवाल्यालाही जाता जाता सलाम केला.